सी भाषेत उणे एक हे एकाहून मोठं कधी ठरतं?

बाणकोट

एका इंट (पूर्णांक) व्हेरिएबलमध्ये -१ ठेवा, दुसऱ्या अनसाइन्ड (ऋण संख्या न ठेवणाऱ्या) इंटमध्ये १ ठेवा आणि पहिलं दुसऱ्यापेक्षा लहान आहे का, हे इफमध्ये तपासा. सी भाषेत उत्तर येतं ‘नाही’. एरर येत नाही. जीसीसी या कंपायलरला वॉर्निंगसाठीचा ‘-डब्ल्यूऑल’ हा पर्याय दिला तरी सीच्या प्रोग्रामसाठी या तुलनेची वॉर्निंग येत नाही, त्यासाठी ‘-डब्ल्यूएक्स्ट्रा’ द्यावं लागतं.

मुलाखतीतला फसवा प्रश्न म्हणून याचं उत्तर पाठ केलं जातं आणि लोक पुढे जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. यामागचा नियम अर्ध्या पानात मावतो. तो एकदा नीट समजला की सीमधल्या कितीतरी चुका कोड वाचतानाच दिसू लागतात.

सीमध्ये बेरीज, वजाबाकी, गुणाकार, तुलना यांपैकी काहीही करायचं तर दोन्ही बाजू आधी एकाच टाइपच्या व्हाव्या लागतात. तो टाइप कोणता हे ठरवताना डावीकडे काय आहे, उत्तर कशात साठवणार आहात, याकडे कंपायलर ढुंकूनही बघत नाही. तो फक्त त्या दोन बाजूंचे टाइप बघतो.

आधी लहान टाइप मोठे होतात. कॅर, शॉर्ट असे इंटपेक्षा खालचे सगळे टाइप गणितात शिरताक्षणी इंट होतात. त्यांच्या सगळ्या किमती इंटमध्ये मावत नसतील तरच ते अनसाइन्ड इंट होतात. म्हणजे दोन कॅरची बेरीज सीमध्ये कधी कॅरमध्ये होतच नाही. मग दोन्ही बाजूंची रँक बघितली जाते. इंटच्या वर लाँग, लाँगच्या वर लाँग लाँग, आणि साइन्ड-अनसाइन्ड जोडीची रँक एकच. दोन्ही साइन्ड असतील किंवा दोन्ही अनसाइन्ड, तर वरची रँक जिंकते. इथपर्यंत कुणाचीच तक्रार नसते.

अडचण येते ती एक साइन्ड आणि एक अनसाइन्ड असताना. अनसाइन्डची रँक बरोबरीची किंवा वरची असेल तर साइन्ड बाजू अनसाइन्ड केली जाते. वरचं उदाहरण इथेच बसतं. ३२ बिटच्या इंटमधला -१ अनसाइन्ड झाला की ४२९४९६७२९५ होतो, आणि तो अर्थातच एकापेक्षा मोठा. उलट साइन्डची रँक वरची असेल आणि अनसाइन्डच्या सगळ्या किमती तिच्यात मावत असतील तर गणित साइन्डमध्ये होतं. रँक वरची आहे पण किमती मावत नाहीत, असं असेल तर दोन्ही बाजू त्या साइन्ड टाइपच्या अनसाइन्ड जोडीदारात जातात.

हे शेवटचं कलम पुस्तकी वाटेल, पण त्याचा फटका खरा आहे. -१ लाँगमध्ये ठेवा आणि १ अनसाइन्ड इंटमध्ये. ६४ बिट लिनक्सवर लाँग ६४ बिटचा असतो, अनसाइन्ड इंट त्यात आरामात मावतो, म्हणून -१ लहानच राहतो. ६४ बिट विंडोजवर मात्र लाँग ३२ बिटचाच असतो. रँक वरची, पण जागा तेवढीच. म्हणून दोन्ही अनसाइन्ड लाँग होतात आणि -१ मोठा ठरतो. तीच ओळ, तोच प्रोसेसर, उत्तरं उलटी.

आता रोजच्या कोडमध्ये हे कुठे भेटतं ते बघा. ‘साइझऑफ’ (आकार सांगणारं) आणि ‘एसटीआरलेन’ (स्ट्रिंगची लांबी सांगणारं) यांची उत्तरं साइझ-टी म्हणजे अनसाइन्ड असतात. दोन स्ट्रिंगच्या लांबींची वजाबाकी शून्यापेक्षा मोठी आहे का असं तपासलं, तर लांबी वेगळी असली की उत्तर कायम ‘हो’. पहिली स्ट्रिंग लहान असली तरीसुद्धा. ॲरे उलट्या दिशेने चालताना इंडेक्स साइझ-टी ठेवून ‘शून्य किंवा मोठा असेपर्यंत’ अशी अट घातली, तर तो लूप संपणारच नाही, कारण अनसाइन्ड संख्या शून्याच्या खाली जाऊच शकत नाही.

अनसाइन्ड शॉर्टचा गुणाकार तर आणखी वाईट. ६५५३५ गुणिले ६५५३५. दोन्ही बाजू अनसाइन्ड आहेत, म्हणजे ओव्हरफ्लोची (उत्तर टाइपमध्ये न मावण्याची) काळजी नाही असं वाटतं. पण दोन्ही आधी साइन्ड इंट झाल्या! उत्तर ४२९४८३६२२५, आणि ३२ बिट इंटची कमाल २१४७४८३६४७. साइन्ड ओव्हरफ्लो झाला की काय व्हावं हे भाषा सांगतच नाही, आणि ‘असं कधी होणारच नाही’ हे गृहीत धरून ऑप्टिमायझर आजूबाजूचा कोडही बदलू शकतो.

असाइनमेंटचा नियम वेगळा आहे. तिथे उजवी बाजू मुकाट्याने डावीच्या टाइपमध्ये कोंबली जाते. डबल इंटमध्ये टाकला की अपूर्णांक कापला जातो. फंक्शनला पाठवलेल्या किमतींचंही, प्रोटोटाइप (फंक्शनची आधीची घोषणा) समोर असेल तर, हेच होतं. पॉइंटरच्या (मेमरीतल्या पत्त्याच्या) बाबतीत मात्र हीच भाषा एकदम कडक होते: इंटकडचा पॉइंटर अनसाइन्ड इंटच्या पॉइंटरमध्ये कास्टशिवाय (टाइपचा बदल उघडपणे लिहिल्याशिवाय) टाकणं नियमबाह्य आहे, वॉइड पॉइंटरला तेवढी सूट. किमतींबाबत ढिलाई आणि पत्त्यांबाबत शिस्त, असा हा स्वभाव आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. टाइप जुळतात म्हणून कंपायलरने ओळ स्वीकारली, याचा अर्थ किंमत सुरक्षित आहे असा होत नाही. म्हणून कुठल्याही मिश्र ओळीला दोन प्रश्न विचारा. हे गणित कोणत्या टाइपमध्ये होणार? आणि दोन्ही बाजूंच्या सगळ्या शक्य किमती, उत्तरासकट, त्या टाइपमध्ये मावतात का?

इतर भाषांत काम करणाऱ्यांनी आपापले अनुभव जरूर लिहा.

नवा_विद्यार्थी

वाचनखूण साठवली. रँकचा भाग दोनदा वाचला. लाँगचं उदाहरण दोन्हीकडे चालवून बघणार आहे.

कॉफीबिन

उत्तम धागा. जावाच्या बाजूने भर घालतो.

जावाने यातला साइन्ड-अनसाइन्डचा गोंधळ मुळातच टाळला. बाइट, शॉर्ट, इंट, लाँग सगळे साइन्ड, आणि त्यांचे आकार भाषेनेच ठरवून दिलेले, त्यामुळे मशीन बदललं तरी इंट ३२ आणि लाँग ६४ बिटच. अनसाइन्ड फक्त कॅर, तो १६ बिटचा. शिवाय लहान टाइपमध्ये कोंबायचं असेल तर जावा कास्ट लिहायला लावते. दोन बाइटची बेरीज इंट होते आणि ती बाइटमध्ये ठेवू पाहिलं तर कंपायलर अडवतो.

पण दोन दारं उघडी राहिली आहेत, आणि ती माहीत असायला हवीत. पहिलं म्हणजे ‘+=’. बाइट ब मध्ये ‘ब = ब + १’ चालत नाही, ‘ब += १’ चालतं, कारण या संयुक्त असाइनमेंटमध्ये कास्ट अध्याहृत असतो. तिथे ओव्हरफ्लो झाला तरी कुणी काही बोलत नाही. इंटला ‘*= १.५’ केलं तरी चालतं, अपूर्णांक गुपचूप कापला जातो.

दुसरं दार इंटकडून फ्लोटकडे. जावा याला रुंदीकरण समजते आणि कास्ट मागत नाही. पण फ्लोटमध्ये २४ बिटच नेमके राहतात. १६७७७२१७ हा इंट फ्लोटमध्ये टाका, बाहेर १६७७७२१६ येतो. हिशेबाच्या कोडमध्ये हे फार महागात पडू शकतं. बाणकोट यांचा दुसरा प्रश्न जावालाही लागू होतो.

देवनागरीतलं एक उदाहरण देतो, वर्गात छान चालतं. कॅर व्हेरिएबलमध्ये ‘क’ आहे. त्यात १ मिळवून छापा. ‘ख’ येत नाही, २३२६ येतं, कारण बेरीज इंटमध्ये झाली आणि ‘क’चा युनिकोड क्रमांक २३२५ आहे. ती बेरीज दुसऱ्या कॅरमध्ये ठेवायला गेलात तर एरर. पण व्हेरिएबलऐवजी थेट ‘क’ हे अक्षर लिहून त्यात १ मिळवलं आणि कॅरमध्ये ठेवलं तर चालतं आणि ‘ख’ मिळतो. कारण किंमत कंपाइल होतानाच कळलेली आहे आणि ती कॅरमध्ये मावते. पहिल्या व्हेरिएबलला फायनल केलं तरी चालतं! म्हणजे इथे कंपायलर नुसते टाइप बघत नाही, किंमतही बघतो.

सोल्डर

मायक्रोकंट्रोलरवर काम करणाऱ्यांना हा विषय रोज भेटतो. सविस्तर लिहितो, कारण आर्डुइनो घेऊन बसणारी शाळा-कॉलेजातली मुलं यात अडकलेली मी पाहतो आणि त्यांना वाटतं बोर्ड खराब आहे.

आर्डुइनो उनोच्या आर३ पर्यंतच्या बोर्डांवरचा चिप ८ बिटचा एव्हीआर आहे आणि त्यावर इंट १६ बिटचा. म्हणजे कमाल ३२७६७. एक मिनिट थांबायचं म्हणून मुलं लिहितात ६० गुणिले १०००. दोन्ही साधे इंट आकडे, गुणाकार इंटमध्ये. ६०००० तिथे मावत नाही. प्रत्यक्षात बहुतेक वेळा -५५३६ हाती येतं. थांबायचं फंक्शन अनसाइन्ड लाँग घेतं, म्हणून तो -५५३६ पुढे ४२९४९६१७६० मिलिसेकंद होतो. एक मिनिटाऐवजी जवळजवळ ५० दिवस! १००० च्या मागे ‘यूएल’ लावलं की गुणाकारच अनसाइन्ड लाँगमध्ये होतो आणि प्रश्न मिटतो. डावीकडे अनसाइन्ड लाँग व्हेरिएबल ठेवून काही उपयोग नाही, धागाकर्त्यांनी लिहिलंय तसं गणित आधीच होऊन गेलेलं असतं. थेट ६०००० लिहिलं तर मात्र अडचण नाही, कारण इंटमध्ये न मावणारा आकडा आपोआप लाँग धरला जातो.

दुसरं, बिट उलटे करणं. ८ बिटच्या अनसाइन्ड व्हेरिएबलमध्ये १५ आहे. त्याचे बिट उलटवून २४० शी तुलना केली तर कधीच जुळत नाही. उलटवण्याआधी १५ इंट झाला, म्हणून उत्तर -१६. रजिस्टर तपासताना हे सतत होतं. उलटवल्यावर पुन्हा ८ बिटमध्ये कास्ट करायचं, मग तुलना.

पण अनसाइन्डला सगळा दोष देऊ नका. मिलिसेकंद मोजणारा काउंटर ३२ बिटचा अनसाइन्ड आहे आणि तो साधारण ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. ‘आत्ता वजा तेव्हा’ असं अनसाइन्डमध्ये वजा केलं तर काउंटर मधेच फिरून शून्यावर आला तरी फरक बरोबर येतो. अनसाइन्ड गणित असं गोल फिरणार हे भाषेने वचन दिलेलं आहे, आणि त्या वचनावर कितीतरी यंत्रं चोवीस तास चालू आहेत. ‘आत्ता हे तेव्हा अधिक अंतरापेक्षा मोठं आहे का’ असं लिहिलंत तर मात्र तो फायदा गेला.

त्यात एक खाच आहे. तोच काउंटर १६ बिटचा असेल आणि कोड एव्हीआरवरून ३२ बिटच्या एआरएम चिपवर नेला, तर वजाबाकी आता ३२ बिटच्या साइन्ड इंटमध्ये होते आणि फेरा पूर्ण झाला की उत्तर ऋण येतं. एव्हीआरवर नीट चाललेला कोड तिथे अडखळतो. वजाबाकीचं उत्तर पुन्हा १६ बिट अनसाइन्डमध्ये कास्ट करून मगच तुलना करावी.

मधलीसुट्टी

सोल्डर, तो ५० दिवसांचा हिशेब वाचून एका जुन्या प्रोजेक्टचं कोडं सुटलं. मनापासून आभार.

खडूफळा

मी बीएस्सीच्या मुलांना सी शिकवते. बाणकोट, तुमचं लेखन फार आवडलं, पण एक खरी अडचण मांडते.

आपल्याकडे कित्येक कॉलेजांत वर्षानुवर्षं टर्बो सी या जुन्या कंपायलरवर प्रॅक्टिकल झालं, डॉसबॉक्स (जुने डॉस प्रोग्राम चालवणारं साधन) लावून का होईना. तिथे इंट १६ बिटचा. मुलं ‘इंट म्हणजे २ बाइट’ हे पाठ करून येतात आणि घरी जीसीसीवर ४ बघून गोंधळतात. आणि हा गोंधळ फक्त आकाराचा नाही. शॉर्टमध्ये -१ आणि अनसाइन्ड शॉर्टमध्ये १ घेऊन तुलना करायला सांगितली, तर टर्बो सीवर ‘लहान नाही’ येतं, जीसीसीवर ‘लहान आहे’ येतं. मुलं विचारतात, मॅडम, यातलं बरोबर कोणतं?

दोन्ही बरोबर आहेत हे सांगायला वेळ लागतो, आणि परीक्षेत प्रश्न असतो ‘टाइप रूपांतराचे प्रकार लिहा’. गुण तक्त्याला मिळतात. तुम्ही हे कसं शिकवाल?

बाणकोट

खडूफळा मॅडम, तुमचं शॉर्टचं उदाहरण माझ्या लेखातल्या सगळ्या उदाहरणांपेक्षा चांगलं आहे.

टर्बो सीवर अनसाइन्ड शॉर्ट १६ बिटचा आणि इंटही १६ बिटचा. अनसाइन्ड शॉर्टची प्रत्येक किंमत इंटमध्ये मावत नाही, म्हणून तो अनसाइन्ड इंट होतो आणि -१ लाही ओढून नेतो. जीसीसीवर तो ३२ बिटच्या इंटमध्ये मावतो, म्हणून दोन्ही इंट होतात. नियम एकच, मशीन वेगळं. मी तर हाच प्रयोग पहिल्या तासाला ठेवीन: दोन्ही कंपायलर शेजारी उघडायचे, मुलांना उत्तराचा अंदाज आधी वहीत लिहायला लावायचा, आणि मग चालवायचं. अंदाज चुकला की मूल स्वतःहून नियम शोधतं. तक्ता मग परीक्षेपुरता पाठ झाला तरी हरकत नाही.

यामागचा इतिहासही मुलांना सांगावा असं मला वाटतं. १९८९ च्या अमेरिकन प्रमाणाआधी कंपायलर दोन गटांत होते. युनिक्सच्या वंशातले बरेचसे कंपायलर अनसाइन्ड लहान टाइपला अनसाइन्ड इंटच करत, म्हणजे चिन्हाचा प्रकार जपत. दुसरा गट किंमत जपत असे, मावत असेल तर साइन्ड इंट. प्रमाण समितीने दुसरा मार्ग निवडला. रूढ व्यवहारात समितीने केलेला हा अर्थाचा सर्वांत गंभीर बदल आहे, अशी कबुली त्यांच्याच स्पष्टीकरणात आहे, आणि जुने प्रोग्राम कुठलीही तक्रार न करता वेगळं वागू लागतील असा इशाराही. त्यांनी तो का निवडला? साइन्ड आणि अनसाइन्ड समोरासमोर येण्याचे प्रसंग त्यात कमी होतात, म्हणून नवख्या किंवा बेसावध माणसाला तो जास्त सुरक्षित वाटला. मला तो निर्णय योग्य वाटतो, जरी ६५५३५ च्या गुणाकाराचा त्रास त्याच निर्णयातून आला असला तरी.

वेलांटी

मी मराठी मजकुरावर चालणारी छोटी साधनं लिहिते: शब्द मोजणं, जोडाक्षरं वेगळी करणं, अशी. मराठीसाठी सी वापरणाऱ्याला हे नियम इंग्रजीवाल्यापेक्षा आधी भेटतात.

यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या रूढ पद्धतीत, ‘क’ तीन बाइटचा: २२४, १६४, १४९. देवनागरीचा प्रत्येक बाइट १२७ च्या वर. इंग्रजी मजकुराचा एकही बाइट नाही. आता साधा कॅर साइन्ड आहे की अनसाइन्ड हे सीने कंपायलरवर सोडलंय. इंटेलवर साइन्ड. एआरएम लिनक्सवर अनसाइन्ड. ॲपलने एआरएमवरही साइन्डच ठेवला. म्हणजे इंटेलवर ‘क’ वाचला तर -३२, -९२, -१०७ मिळतात. ‘हा बाइट २२४ आहे का’ ही तुलना इंट होऊन होते, आणि -३२ व २२४ कधी जुळत नाहीत. ‘१२८ किंवा त्याहून मोठा’ ही अट कधीच खरी होत नाही. रास्पबेरी पायवर तोच कोड नीट चालतो. मग माणूस डेटा तपासत बसतो.

याहून धोक्याचं म्हणजे ‘इझअल्फा’सारखी, हे अक्षर आहे का असं तपासणारी फंक्शन. त्यांना इंट लागतो, पण तो अनसाइन्ड कॅरच्या कक्षेतला किंवा ईओएफ (फाइल संपल्याची खूण) असायला हवा. -९२ दिला तर काय होईल याची भाषेकडून कसलीही हमी नाही. आतून तो बऱ्याचदा एखाद्या तक्त्याचा इंडेक्स असतो, म्हणजे तक्त्याच्या आधीच्या मेमरीत हात गेला. इंग्रजी फाइलवर वर्षभर चाललेला प्रोग्राम पहिल्या मराठी फाइलवर कोसळतो तो यामुळे. आणि मग ‘या प्रोग्रामला मराठी चालत नाही’ असं सांगितलं जातं. मला याचा खरंच त्रास होतो, कारण दोष भाषेत किंवा लिपीत नसतो, एका कास्टच्या अभावात असतो.

एकेक बाइट वाचणाऱ्या ‘गेटकॅर’चंही बघा. ते इंट परत देतं, कारण २५६ बाइट आणि वर ईओएफ एवढं सगळं कॅरमध्ये मावत नाही. उत्तर कॅरमध्ये घेतलं तर इंटेलवर २५५ हा बाइट ईओएफ समजला जाऊ शकतो. शुद्ध यूटीएफ-८ मध्ये २५५ येतच नाही, म्हणून मराठी फाइलवर तिथे कळणार नाही. पण कॅर अनसाइन्ड असलेल्या मशीनवर ईओएफ कधीच जुळत नाही आणि लूप थांबत नाही.

माझा शिरस्ता: मजकुराचे बाइट कायम अनसाइन्ड कॅरमध्ये, गेटकॅरचं उत्तर कायम इंटमध्ये.

गोपाळकाला

हे सगळं वाचून मला एकच वाटतं, आपोआप रूपांतर भाषेत असूच नये. गो भाषेत इंट आणि इंट-६४ सुद्धा थेट मिळवता येत नाहीत, कास्ट लिहावाच लागतो. फक्त नुसत्या लिहिलेल्या स्थिरांकांना टाइप नसतो, ते समोरच्याचा टाइप घेतात, आणि मावत नसतील तर एरर. म्हणून ‘५ गुणिले टाइम-सेकंद’ चालतं, पण ५ आधी इंट व्हेरिएबलमध्ये ठेवला तर चालत नाही. सुरुवातीला त्रास होतो, मग सवय होते. रस्टमध्येही तसंच. प्रश्नच संपला.

पंचकार्ड

मी या क्षेत्रातून निवृत्त झालोय, तरी हा विषय दिसला की राहवत नाही.

गोपाळकाला, तुमच्या बाजूचा युक्तिवाद जुना आहे आणि चांगला आहे. निकलाउस विर्थ यांच्या पास्कलने १९७० मध्येच इंटिजर रिअलमध्ये जाऊ दिला, उलट मात्र नाही. उलट जायचं तर ट्रंक किंवा राउंड लिहा, म्हणजे कापायचं की जवळच्या पूर्णांकावर न्यायचं हे माणसानेच ठरवायचं. त्यांच्याच मोड्यूला-२ मध्ये इंटिजर आणि कार्डिनल, म्हणजे साइन्ड आणि अनसाइन्ड, एकमेकांत असाइन करता येतात पण एका गणितात मिसळता येत नाहीत. बाणकोट यांनी पहिल्या ओळीत लिहिलेली तुलना तिथे कंपाइलच होत नाही!

पास्कलचाही एक गुंता होता. दोन ॲरे, दोन्ही १ ते १० इंटिजरचे, वेगवेगळ्या ओळींवर जाहीर केले तर एक दुसऱ्यात असाइन होतो का? रचना तंतोतंत सारखी, पण टाइपला नाव नाही. मूळ वर्णनात हे पुरेसं स्पष्ट नव्हतं आणि कंपायलर आपापल्या परीने वागत. पुढे आयएसओ प्रमाणात ते वेगळे टाइप ठरले. ज्यांनी टर्बो पास्कल वापरलंय त्यांना ‘टाइप मिसमॅच’ची २६ नंबरची एरर आठवत असेल. उपाय सोपा होता, टाइपला एकदा नाव द्यायचं आणि दोन्हीकडे तेच वापरायचं.

पण ‘कास्ट सक्तीचा केला की प्रश्न संपला’ हे मला मान्य नाही. ४ जून १९९६, कुरू, फ्रेंच गयाना. एरियान-५ चं पहिलं उड्डाण. दिशा-वेग मोजणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एडा भाषेत होतं, म्हणजे टाइपच्या बाबतीत सर्वांत कडक भाषांपैकी एक. आडव्या वेगाशी निगडित एक किंमत ६४ बिट फ्लोटमधून १६ बिट साइन्ड इंटिजरमध्ये नेली जात होती. रूपांतर उघडपणे लिहिलेलं होतं. पण किंमत १६ बिटमध्ये मावली नाही. एडाने अपवाद फेकला, तो कुणी झेलला नाही, यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तोच कोड, ती तर काही क्षण आधीच गेली होती. साधारण ४० सेकंदांत रॉकेट नष्ट झालं.

चौकशी अहवालातला तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अशा धोक्याच्या सात किमती आधीच ओळखलेल्या होत्या. चारांना संरक्षण दिलं, तिघांना दिलं नाही, कारण संगणकाचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता आणि त्या तीन किमती मर्यादेतच राहतील असं मानलं गेलं. एरियान-४ साठी ते खरं होतं. एरियान-५ चा सुरुवातीचा मार्ग वेगळा होता, आडवा वेग जास्त. म्हणजे कास्ट होता, कडक भाषा होती, विचारही झालेला होता. किंमत मावते का, हा प्रश्न नव्या रॉकेटसाठी पुन्हा विचारला गेला नाही.

गोपाळकाला

पंचकार्ड काका, हे इतक्या तपशिलात माहीत नव्हतं. मुद्दा पटला. तरीही रूपांतर डोळ्यांना दिसावं हे मी म्हणेनच. गोमध्येही लहान टाइपमध्ये कास्ट केलं की वरचे बिट गुपचूप कापले जातात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

बाणकोट

दिसावं, याला माझाही पाठिंबा आहे. सीमध्ये ते ‘-डब्ल्यूकन्व्हर्जन’ या वॉर्निंगच्या पर्यायाने दिसतं, आणि नवीन प्रोजेक्टमध्ये पहिल्या दिवसापासून लावलं तर सोसतं. जुन्या कोडवर एकदम लावलं तर वॉर्निंगचा एवढा ढीग येतो की लोक घाईने सगळीकडे कास्ट ठोकून ती बंद करतात. असा कास्ट मला वॉर्निंग न लावण्यापेक्षा वाईट वाटतो, कारण पुढच्या वाचणाऱ्याला वाटतं इथे कुणीतरी विचार केलाय.

एक सूचना: टाइपडेफने सीमध्ये नवा टाइप होत नाही, फक्त दुसरं नाव मिळतं. मीटर आणि फूट दोन्ही डबलचे टाइपडेफ केले तर ते बिनबोभाट मिसळतात. खरंच वेगळे ठेवायचे असतील तर प्रत्येकाला एकच सदस्य असलेलं वेगळं स्ट्रक्ट करा. आतला मजकूर सारखा असला तरी टॅग वेगळा म्हणून कंपायलर अडवतो, आणि चालताना वेगात सहसा फरक पडत नाही.

नवा_विद्यार्थी

एक शंका. फ्लोटमध्ये ०.७ ठेवला आणि तो ०.७ पेक्षा लहान आहे का विचारलं तर ‘हो’ येतं. ०.१ ठेवून तसंच विचारलं तर ‘नाही’, उलट तो ०.१ पेक्षा मोठा निघतो! ०.५ आणि ०.७५ मात्र बरोबर जुळतात. यातही रँक आहे का?

बाणकोट

आहे. फ्लोटच्या वर डबल, डबलच्या वर लाँग डबल. सीमध्ये नुसता लिहिलेला ०.७ हा डबल असतो, त्यामुळे तुझा फ्लोट आधी डबल होतो आणि मग तुलना होते. हे रूपांतर नेमकं आहे, त्यात काही हरवत नाही. जे हरवायचं ते आधीच, ०.७ फ्लोटमध्ये ठेवताना, हरवलं. दशमान ०.७ दोनच्या पायात कधीच संपत नाही. २४ बिटमध्ये जवळच्या किमतीवर बसवताना तो खाली गेला, साधारण ०.६९९९९९९८८. ०.१ वर गेला, साधारण ०.१०००००००१५. म्हणून एक लहान, एक मोठा. ०.५ आणि ०.७५ (म्हणजे अर्धा अधिक पाव) दोनच्या पायात पूर्ण बसतात, म्हणून जुळतात. आकड्याच्या मागे ‘एफ’ लावून ०.७ ला फ्लोटच ठेवलंस तर तीही तुलना जुळेल. आता ०.३ वर करून बघ, आणि चालवण्याआधी अंदाज लिहून ठेव.

नवा_विद्यार्थी

०.३ चा अंदाज ‘लहान’ लिहिला होता. मोठा निघाला. आता बिट मांडून बघतो.